डोंगरावरचा तो नकार

एटापल्ली तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे आणि ती आम्ही पाळत आहोत. त्यांचे शोहर सूरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकवर चालक आहेत. गेल्या पावसाळ्यात गाडी घसरून उलटली, पायाचे हाड मोडले, रक्त बरेच गेले. दवाखान्यातली पहिली रात्र फार कठीण होती. त्या रात्री ज्या नर्सबाईंची पाळी होती, त्या मूळच्या केरळच्या, ख्रिस्ती. पहाटे ताप चढला तेव्हा त्यांनी पट्टी बदलली, सलाईनची बाटली बदलली, कपाळ-छाती-खांद्यांवर बोटांनी क्रूसाची खूण केली आणि मोडक्या मराठीत देवाजवळ मागितले, की या माणसाची मुले लहान आहेत, याला उठव.

पुढचे त्यांच्याच शब्दांत: "माझ्या तोंडून आमीन निघणारच होते. सासूबाईंनी माझा हात दाबला. म्हणाल्या, हे लोक तीन देव मानतात, यांच्या दुआवर आमीन म्हटलेस तर ईमान जाईल. मी गप्प बसले. नर्सबाईंनी ते पाहिले, पण काही बोलल्या नाहीत. आता माझे शोहर काठी घेऊन चालतात. नर्सबाई आमच्याच गल्लीत राहतात. समोर आल्या की मीच मान खाली घालते. माझी मुलगी नववीत आहे. ती विचारते, अम्मी, सिस्टर खरंच तीन देवांची पूजा करतात का? मला उत्तर देता येत नाही."

हे पत्र आम्ही तीनदा वाचले. वरवर पाहता यात एका शब्दाचा, आमीनचा, प्रश्न आहे. पण त्याच्या पोटात एक घर आहे, एक शेजार आहे आणि नववीतल्या मुलीच्या मनात तयार होणारे जगाचे चित्र आहे. म्हणून या महिन्याचे सदर या पत्रालाच देत आहोत. एक गोष्ट आधीच सांगतो. आम्ही उर्दू-मराठी शिकवणारे मास्तर आहोत, मुफ्ती नाही. फतवा देण्याचा आमचा अधिकार नाही. पण दुसऱ्याच्या धर्माविषयी बोलण्याआधी तो स्वतः काय म्हणतो हे नीट ऐकून घ्यावे, एवढे आम्ही वर्गात रोज शिकवतो. तेच इथे करू.

आमच्या शाळेतून निवृत्त झालेले एक ख्रिस्ती शिक्षक आहेत. वीस वर्षे आम्ही एकाच स्टाफरूममध्ये डबा खाल्ला, पण हा प्रश्न कधी विचारला नव्हता. पत्र आल्यावर विचारला. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "सर, देव तीन आहेत असे कोणी म्हटले, तर आमच्या चर्चमध्येही तो चुकीचाच ठरतो. आमची पहिली आज्ञाच आहे, की एका देवाशिवाय कोणाची उपासना करायची नाही." आम्ही म्हटले, मग बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा? ते म्हणाले, "आम्ही क्रूसाची खूण करतो तेव्हा ‘नावाने’ म्हणतो, ‘नावांनी’ म्हणत नाही. देव एकच. त्याला आम्ही असे ओळखतो. गणितासारखे मला ते सोडवून दाखवता येणार नाही." आम्ही म्हटले, गुरुजी, आम्हाला इथेच थांबावे लागते. ते म्हणाले, "थांबा. जरूर थांबा. पण आम्ही तीन देव मानतो असे मुलांना सांगू नका."

त्यांचे म्हणणे आम्हाला न्याय्य वाटले. आता त्यांच्या ग्रंथात काय आहे ते पाहू.

हजरत मूसा अलैहिस्सलाम यांना तूर पर्वतावर ज्या दहा आज्ञा मिळाल्या, त्या ज्यूंप्रमाणे ख्रिस्तीही मानतात. त्यांतली पहिलीच आज्ञा एका ईश्वराशिवाय दुसरा ईश्वर न मानण्याची आहे. मार्कच्या शुभवर्तमानात, बाराव्या अध्यायात, एक शास्त्री हजरत ईसा अलैहिस्सलाम यांना विचारतो, की सगळ्यांत मोठी आज्ञा कोणती? ईसा तौरातमधलीच ती जुनी घोषणा सांगतात, की आपला प्रभू एकच आहे आणि त्याच्यावर संपूर्ण मनाने प्रेम करायचे. त्याच्या जोडीला ते शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा सांगतात. एटापल्लीच्या आमच्या भगिनींनी ही दुसरी आज्ञाही लक्षात ठेवावी, तिच्याकडे आम्ही परत येणार आहोत.

मत्तयच्या चौथ्या अध्यायातला प्रसंग तर आपल्या मुलांनाही सांगावा असा आहे. ईसा अलैहिस्सलाम रानात चाळीस दिवस उपाशी राहतात. मग सैतान त्यांना एका उंच डोंगरावर नेतो, जगातली सारी राज्ये आणि त्यांचे वैभव दाखवतो आणि म्हणतो, मला फक्त एकदा नमन कर, हे सगळे तुझे. ईसा त्याला हाकलून देतात. कारण सांगतात, की नमन फक्त ईश्वराला आणि सेवाही फक्त त्याचीच. सजदा कोणाला, हा प्रश्न त्या डोंगरावर विचारला गेला आणि उत्तर एका वाक्यात मिळाले.

या उत्तरासाठी पुढे माणसे मेली आहेत. इ. स. ११२ च्या सुमारास रोमन साम्राज्यातल्या बिथिनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी याने बादशहा ट्रॅजनला लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. ख्रिस्ती असल्याचा संशय आला, की तो माणसाला बादशहाच्या पुतळ्यापुढे धूप आणि मद्य वाहायला सांगत असे. जे खरे ख्रिस्ती आहेत त्यांच्याकडून हे कोणी करवून घेऊ शकत नाही, असे तो स्वतःच नमूद करतो. जे ख्रिस्ती असल्याचे ठामपणे सांगत राहिले, त्यांना त्याने मृत्यूची शिक्षा दिली. चिमूटभर धूप टाकला असता तर जीव वाचला असता. हजरत बिलाल रजियल्लाहु अन्हु यांच्या छातीवर तापलेला दगड ठेवला होता आणि ते ‘अहद, अहद’ म्हणत होते, ही हकिकत ज्या घरांत सांगितली जाते, त्या घरांना या धूप न टाकणाऱ्यांचे मोल वेगळे समजावून सांगायला नको.

आता आपल्या बाजूचेही स्पष्ट बोलू. गोड बोलण्यासाठी फरक झाकणे हा शेजारधर्म नव्हे. तौहीदमध्ये भागीदारीला जागा नाही. आपल्यासाठी ईसा अलैहिस्सलाम हे मरियमचे पुत्र, अल्लाहचे बंदे आणि थोर पैगंबर आहेत. त्यांचा जन्म पित्यावाचून झाला, हेही आपण मानतो. पण त्यांना ईश्वराचा पुत्र म्हणणे किंवा ‘तीन’ म्हणणे कुरआनने सूरह निसामध्ये स्पष्ट शब्दांत नाकारले आहे. सूरह माइदाच्या शेवटी अल्लाह ईसांना विचारील, की तुम्हीच लोकांना सांगितले होते का, मला आणि माझ्या आईला पूज्य माना? आणि ईसा म्हणतील, की ज्याचा मला हक्क नाही ते मी कसे बोलेन? मी तर तुझ्याच बंदगीकडे बोलावले. ही आपली भूमिका आहे आणि ती सांगताना संकोच करण्याचे कारण नाही. ३२५ मध्ये निकिया येथे आणि ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे ख्रिस्ती धर्मगुरूंच्या परिषदा भरल्या आणि त्यांनी आपल्या श्रद्धेची जी मांडणी पक्की केली, तिथे आपला आणि त्यांचा रस्ता वेगळा होतो.

पण हा प्रश्न फक्त आपल्यालाच पडला असे नाही. आपल्या महाराष्ट्राच्या एका लेकीला तो ख्रिस्ती झाल्यावर पडला. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पुढे त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात राहिल्या. तिथल्या प्राचार्या डोरोथिया बील आणि वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी १८८५ मध्ये त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात त्या सरळ सांगतात, की एका ईश्वरावर माझी श्रद्धा आहे, पण त्रैक्याची शिकवण मला स्वीकारता येत नाही. पुरोहितांच्या जोखडातून मी कष्टाने सुटले, आता पुन्हा कोणाच्या हुकुमाखाली माझी बुद्धी ठेवणार नाही, असाही त्या पत्रांचा सूर आहे. ज्यांच्या आश्रयाला होत्या त्यांनाच परक्या देशात हे लिहिणे सोपे नव्हते. ही पत्रे महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये पुस्तकरूपाने छापली आहेत. पुढे रमाबाईंचे मत बदलले. १८९१ नंतर त्या रूढ ख्रिस्ती श्रद्धेजवळ आल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहून, हिब्रू आणि ग्रीक शिकून, त्यांनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर केले आणि ते काम पूर्ण करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. त्यांचा शेवटचा मुक्काम आपला नाही. पण उपासना कोणाची करायची, हे मला नीट समजल्याशिवाय मी मान हलवणार नाही, हा त्यांचा आग्रह आपल्या मुलींनी जरूर घ्यावा.

त्यांच्यात आपसांतही या विषयावर वाद आहेत. मुंबईत वांद्र्याला माउंट मेरीची जत्रा भरते. लोक मेणाचे हात, पाय वाहतात, नवस फेडतात. कॅथलिक धर्मगुरू सांगतात, की मरियम आणि संतांना मान द्यायचा, उपासना फक्त देवाची. प्रोटेस्टंट म्हणतात, हा फरक सामान्य माणसाच्या मनात टिकत नाही, म्हणून ते नकोच. हा वाद वाचताना आम्हाला आपल्याच गल्लीतले आवाज ऐकू आले. दर्ग्यावर फातेहा पढणे वेगळे आणि कबरीतल्या बुजुर्गांकडे मूल मागणे वेगळे, हे आपले आलिमही सांगत आले आहेत. तरी चादर चढवताना आपण कोणाकडे काय मागतो, हे आपल्या मनालाच ठाऊक. दुसऱ्याच्या घरातला शिर्क शोधताना हातातला कंदील आधी आपल्या ओसरीवर धरावा.

आता त्या नर्सबाईंकडे येऊ. चंद्रपूर-गडचिरोलीच्या भागात केरळच्या सिस्टर आणि नर्स का दिसतात, याला इतिहास आहे. केरळच्या सायरो-मलबार चर्चने १९६२ मध्ये चांद्याचा धर्मप्रांत सुरू केला. त्याचे केंद्र बल्लारपूरला आहे. या चर्चची जुनी प्रार्थनाभाषा सुर्यानी. ती आरामीचीच शाखा आणि आरामी ही ईसा अलैहिस्सलाम यांची बोली होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत केरळच्या या चर्चमध्ये सुर्यानीतच उपासना चाले. त्या भाषेत ईश्वराला शब्द आहे ‘अलाहा’. पवित्र या अर्थाचा शब्द ‘कद्दीशा’, शांतीचा ‘श्लामा’. उर्दूच्या तासाला ‘कुद्दूस’ आणि ‘सलाम’ शिकणाऱ्या आमच्या कुठल्याही मुलाला हे शब्द फळ्यावर लिहून दाखवले, तर तो लगेच म्हणेल, सर, हे तर आपलेच! आजही मिस्र, शाम, लेबनॉनचे अरब ख्रिस्ती प्रार्थनेत ‘अल्लाह’ हाच शब्द उच्चारतात. नर्सबाई त्या पंथाच्या असतील, तर त्यांच्या पणजीने ज्याला ‘अलाहा’ म्हणून हाक मारली, त्यालाच त्यांनी त्या पहाटे मोडक्या मराठीत हाक मारली.

आणि आता सूरजागड. निवडणुकीच्या कामावर आम्ही त्या बाजूला गेलो होतो, तेव्हा तो डोंगर पाहिला. माडिया बांधवांसाठी ते ठाकूरदेवाचे ठिकाण. दरवर्षी जानेवारीच्या सुरुवातीला तिथे यात्रा भरते, दूरदूरच्या पाड्यांवरून माणसे चालत येतात. त्यांची श्रद्धा आपली नाही. पण लोक ज्यांना पुकारतात त्यांना अपशब्द बोलू नका, हा सूरह अनआममधला हुकूम आपल्यासाठीच आहे. त्याच डोंगराच्या पोटात लोखंड आहे. २००७ मध्ये खाणीचा पट्टा दिला गेला, २०१६ मध्ये खोदकाम सुरू झाले, २०२३ मध्ये वर्षाला एक कोटी टनांपर्यंत खनिज काढण्याची परवानगी मिळाली. एटापल्ली, आलापल्ली, आष्टीच्या रस्त्याने लाल धुळीचे ट्रक धावतात. ग्रामसभांनी आपल्या देवस्थानासाठी आणि जंगलासाठी आवाज उठवला आहे. दुसरीकडे कित्येक घरांची चूल या ट्रकांवर पेटते, पत्र लिहिणाऱ्या भगिनींची पेटते तशीच. हलालची मेहनत इबादतच आहे, तिला आम्ही नावे ठेवणार नाही.

पण मत्तयमधला तो प्रसंग वाचताना आम्हाला वारंवार हा डोंगर आठवला. उंचावर नेऊन वैभव दाखवणारा आजही दाखवतोच. फक्त तो आता ‘मला सजदा कर’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, आणखी एक ट्रिप मार, असर नंतर पढ. तो म्हणतो, वजन थोडे जास्त भर, कोण बघतो? तो म्हणतो, दुसऱ्याचे श्रद्धास्थान उखडले तर तुझे काय गेले, तुझा हप्ता फिटतो ना? धन आणि ईश्वर या दोघांची चाकरी एकाच वेळी होत नाही, असे ईसा अलैहिस्सलाम यांनी सांगितल्याचे शुभवर्तमानात आहे. आपल्या नबी सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी दीनार आणि दिरहमच्या गुलामाचा नाश ठरलेला असल्याचे सांगितले, ते बुखारी शरीफमध्ये आहे. दोन्ही ठिकाणी शब्द एकाच दिशेला बोट दाखवतात. ‘ते तीन मानतात’ असे म्हणणाऱ्याने स्वतःचे दैवत दिवसातून किती वेळा बदलते, तेही मोजून पाहावे. हे आम्ही आधी स्वतःला विचारले. पगाराची तारीख आम्हाला तोंडपाठ असते आणि फज्रला गजर लावावा लागतो.

भगिनी, आता तुमच्या दोन प्रश्नांकडे. मुलीला असे सांगा: सिस्टर एकाच ईश्वराची उपासना करते, असे ती स्वतः मानते आणि तिचा ग्रंथही तसेच सांगतो. ईसा अलैहिस्सलाम यांच्याविषयी तिचे जे म्हणणे आहे, ते आपल्याला मान्य नाही, कारण आपला कलमा आपल्याला ते मान्य करू देत नाही. दोन्ही वाक्ये सांगा, एकही गाळू नका. पहिले गाळले तर खोटेपणा होईल, दुसरे गाळले तर कमकुवतपणा.

आमीनबद्दल: गैरमुस्लिमाच्या दुआवर आमीन म्हणावे की नाही, यावर आलिमांची मते एकसारखी नाहीत. तुमच्या जवळच्या जाणत्या आलिमांना पूर्ण प्रसंग सांगून विचारा. त्यांचे उत्तर काहीही असो, ते त्या एका शब्दापुरते आहे. मान खाली घालून समोरून निघून जाण्याचा हुकूम कुठेही नाही. नजरानचे ख्रिस्ती मदीनेला आले, तेव्हा त्यांची प्रार्थनेची वेळ झाली आणि ते मस्जिदे नबवीतच पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले. त्यांना अडवू नका, असे नबी सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी सांगितल्याचे सीरतच्या ग्रंथांत आहे. त्यांच्याशी ईसांच्या बाबतीत वाद झाला तो याच भेटीत. वादही झाला आणि पाहुणचारही झाला. त्याआधी मक्केतून छळ सोसून निघालेल्या मुसलमानांना आसरा दिला तो हबशाच्या ख्रिस्ती बादशहाने. हजरत जाफर यांनी त्याच्या दरबारात सूरह मरियम पढली, तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

सासूबाईंना दोष देऊ नका. मुलगा मरणाच्या दारात आणि तोंडी ईमानची काळजी, अशा बाईचा आम्हाला आदर वाटतो. त्यांची भीती प्रेमातून आली आहे, फक्त तिला माहितीची जोड मिळाली नाही. हे पान त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. पटले नाही तर वाद घालू नका.

आणि एक काम करा. ईदची वाट पाहू नका. पुढच्या जुम्याला घरात जे शिजेल त्यातले थोडे डब्यात घाला, मुलीला सोबत घ्या आणि नर्सबाईंच्या दारात जा. सासूबाई आल्या तर फारच उत्तम. म्हणा, सिस्टर, त्या रात्री तुम्ही आमच्या घरासाठी जागलात, तेव्हा तुमचे आभार मानायचे राहून गेले. जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही, ही आपल्या नबींची शिकवण आहे. आमीन राहिले असेल, शुक्रिया राहू नये. मुलीला प्रश्न पडला असेल तर तिला तिथेच विचारू द्या. उत्तर सिस्टरकडून ऐकेल, घरी येऊन तुमच्याशी बोलेल आणि आपला कलमा आणखी समजून पढेल.

डोंगर कोणताही असो, खनिजाचा, पैशाचा की अहंकाराचा, त्याच्या माथ्यावर उभे राहून नमन फक्त एकाला असे म्हणण्याची ताकद अल्लाह आपल्याला, आपल्या लेकरांना देवो. तुमच्या शोहरच्या हातची काठी लवकर सुटो. आमीन.